दाढ पुन्हा उघडण्याआधी: दातांच्या उपचाराचे पैसे परत मागताना

घरातल्या एका दाढेची तक्रार नुकतीच तडजोडीने मिटली. पैसे परत आले. सगळे नाहीत, पण बरेचसे. दाढ कोणाची आणि दवाखाना कोणता हे इथे महत्त्वाचं नाही. कुठला कागद कधी मागायचा, कुठल्या दारावर जायचं आणि कुठे नुसताच वेळ जातो, हे आधी कोणी सांगितलं असतं तर सुरुवातीचे दोन महिने वाया गेले नसते. म्हणून हे लिहितोय.

प्रकरण नेहमीचंच. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, डेंटिस्टच्या भाषेत ३६ नंबर. आधी रूट कॅनाल, मग टोपी. काही महिन्यांनी चावताना कळ यायला लागली आणि हिरडीवर बारीक पुटकुळी आली.

रूट कॅनालनंतर काही दिवस दाढ दुखरी राहणं यात वावगं काही नाही. टोपी केसभर उंच बसली तरी चावताना कळ येते, आणि थोडं घासून दिलं की जाते. पुटकुळी मात्र वेगळी गोष्ट आहे. मुळाशी साठलेला पू तिच्यातून वाट काढतो. ती फुटली की दुखणं थांबतं आणि आपल्याला वाटतं बरं झालं. ते बरं झालेलं नसतं.

अशा वेळी आधी त्याच डॉक्टरांकडे परत जायचं, राग आला असला तरी. एक तर दुरुस्ती खरोखर सोपी असू शकते. दुसरं म्हणजे पुढे वाद झालाच, तर समोरून येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पेशंट फॉलो-अपला आलाच नाही.’ म्हणून प्रत्येक भेटीनंतर घरी येऊन दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर साधा निरोप टाकायचा: ‘आज दुपारी तपासणीसाठी आलो होतो. दाढ ३६ चावताना दुखते, बाहेरच्या बाजूला पुटकुळी आहे. आपण एक्स-रे काढून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.’ त्यात आरोप करायचा नाही. तारीख, वेळ आणि तक्रार एवढं नोंदलं गेलं की त्याचं काम झालं. आमच्याकडे पहिल्या दोन भेटींचा असा काहीच माग नव्हता. फोनवर झालेलं सगळं बोलणं हवेत गेलं.

या काळात संकोच फार होतो. डॉक्टर वर्षानुवर्षांचे ओळखीचे असतात, आपणच ब्रश नीट केला नसेल अशी शंका येते, घरातले म्हणतात ‘सोड ना’. तक्रार करायची की नाही हे त्या मनःस्थितीत ठरवू नये. त्या वेळी फक्त कागद मागावेत. कागद मागणं म्हणजे तक्रार नव्हे.

मागायचं काय? केस पेपरची प्रत, संमतीपत्र, उपचाराचं अंदाजपत्रक, प्रत्येक हप्त्याची पावती, टोपीचं वॉरंटी कार्ड आणि लॅबची चिठ्ठी. इम्प्लांट असेल तर त्याच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एक्स-रे. आजकाल ते आरव्हीजी सेन्सरने काढतात, चित्रं संगणकात राहतात. ‘स्क्रीनचा फोटो काढून घ्या’ यावर समाधान मानू नये. मूळ चित्र तारखेसह ईमेलवर मागावं. एका रूट कॅनालचे सहसा तीन-चार एक्स-रे असतात: उपचाराआधीचा, मुळाची लांबी मोजतानाचा, भरण्याआधी गटापर्चाची (कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) काडी बसवून पाहिलेला आणि भरल्यानंतरचा. यातला शेवटचा नसेल तर ‘नाही’ असं लिहून मागावं. नसणं हाही पुरावाच असतो. रुग्णाला आपली कागदपत्रं मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलाय. तोंडी मागितलेले कागद ‘देतो, देतो’मध्ये अडकतात, ईमेलने मागितले की हलतात. आमचे अकराव्या दिवशी आले, तेही अर्धे.

पावतीबद्दल थोडं जास्त. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण मोबदला दिलेली सेवा; सरसकट सगळ्यांना फुकट दिलेली नव्हे. त्यामुळे पैसे दिल्याचा पुरावा हा पाया. रोख देऊन पावती घेतली नसेल तर त्या दिवशी एटीएममधून काढलेली रक्कम, अंदाजपत्रकावरच्या ‘जमा’ अशा नोंदी, ‘बाकी किती राहिले?’ या प्रश्नाला आलेलं उत्तर, असं जे मिळेल ते गोळा करावं. यूपीआयने दिले असतील तर पैसे कोणाच्या नावावर गेले ते पाहावं. दवाखाना एका नावाचा, खातं दुसऱ्याच्या नावाचं, असं बरेचदा निघतं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या डॉक्टरांनी टोपी काढून दाढ उघडली की आधीच्या कामाचा पुरावा संपला. हे इतकं साधं असून लोकांच्या लक्षात येत नाही, कारण दुखत असतं आणि कधी एकदा सुटका होते असं झालेलं असतं. दुसरं मत घ्यायला जाताना पहिलंच वाक्य हे बोलायचं: ‘आज फक्त तपासणी आणि एक्स-रे, उपचार नको.’ याला एकच अपवाद. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास किंवा गिळायला त्रास असेल तर पुराव्याचा विचार सोडून तात्काळ उपचार घ्यायचे.

साध्या एक्स-रेत कॅनाल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, एकमेकांच्या मागे लपतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन कॅनाल असतात, काहींच्या दाढेत चार. सरळ एक्स-रेत सगळं छान भरलेलं दिसतं आणि तिरक्या कोनातून काढला की राहिलेला कॅनाल दिसतो. तरीही शंका राहिली तर त्या भागापुरता सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन. आमच्या प्रकरणात तिरक्या एक्स-रेत पुढच्या मुळाच्या टोकाकडे एक लख्ख पांढरी रेघ दिसली. गटापर्चाही पांढराच दिसतो, पण धातू त्याहून उजळ आणि काठाला रेखीव. कॅनाल साफ करायच्या बारीक हत्याराला डेंटिस्ट ‘फाइल’च म्हणतात. तर मुळात फाइलचा तुकडा राहिलेला, आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेख नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर तक्रार पहिल्याच पायरीवर घसरते. फाइल तुटणं हा आपोआप निष्काळजीपणा होत नाही. निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या कॅनालमध्ये फिरून थकते आणि मोडते. चांगल्या हातांतही मोडते. उत्तम केलेलं रूट कॅनालही कधी कधी अपयशी ठरतं. ‘दुखणं थांबलं नाही, म्हणून चूक झाली’ हा युक्तिवाद टिकत नाही. टिकतं ते असं: तुकडा राहिल्याचं रुग्णाला सांगितलं नाही, केस पेपरवर लिहिलं नाही, शेवटचा एक्स-रे काढला नाही किंवा काढून दाखवला नाही, आणि त्यावरच टोपी बसवून पूर्ण पैसे घेतले. न सांगणं हे न जमण्यापेक्षा वजनदार ठरतं. संमतीला माहितीचा आधार हवा हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय. टोपीची कड आणि दात यांत फट असणं, अंदाजपत्रकात झिर्कोनिया लिहून प्रत्यक्षात वेगळीच टोपी बसवणं, पैसे घेतलेलं काम न करणं, या तक्रारी सिद्ध करायला तर त्याहून सोप्या.

दुसरं मत लेखी मिळवणं हा सगळ्यात कष्टाचा टप्पा. ‘चूक झाली असं लिहून द्या’ म्हटलं की कोणीही डेंटिस्ट हात झटकतो, आणि त्यांचंही बरोबर आहे. काम होताना ते तिथे नव्हते. दोष मागायचा नाही, निरीक्षण मागायचं: ‘दात ३६. पुढच्या मुळाच्या शेवटच्या तृतीयांशात धातूसदृश तुकडा. मुळाच्या टोकाशी काळसर भाग. टोपीची मागची कड दातापासून सुटलेली. सुचवलेला उपचार अमुक.’ एवढं बहुतेक जण लिहून देतात. नाहीच दिलं तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे रूट कॅनालचा स्वतंत्र विभाग असतो, केस पेपरवर नोंद होते आणि तो कागद सरकारी असतो. रांग मोठी, एक दिवस जाणार हे धरून चालावं. आम्ही दोन खासगी मतांत तीन आठवडे घालवले आणि शेवटी तिथेच गेलो.

मग पत्र. आमचा पहिला मसुदा चार पानांचा होता. त्यात झोप न लागण्यापासून रिसेप्शनवरच्या उद्धट उत्तरापर्यंत सगळं. तो फाडून एका पानाचा केला: उपचाराच्या तारखा, दात क्रमांक, दिलेली रक्कम, दुसऱ्या तपासणीत काय दिसलं, काय मागणी आहे, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. त्यात दोन वाक्यं फार उपयोगी पडली. एक, ‘आपल्याला दाढ तपासायची असल्यास अमुक तारखेपर्यंत वेळ द्यावी, त्यानंतर दुसरीकडे उपचार सुरू करावे लागतील.’ म्हणजे नंतर ‘आम्हाला बघायची संधीच दिली नाही’ म्हणता येत नाही. दुसरं, मागितलेल्या रकमेचा ओळीओळीने हिशेब. पत्र स्पीड पोस्टने, पोच मिळेल असं, आणि त्याच दिवशी ईमेलनेही.

पत्रात काय नसावं? ‘पैसे द्या, नाहीतर डेंटल कौन्सिलकडे जातो, पेपरात देतो’ हे वाक्य. रागात बोटांवर पटकन येतं आणि पुढे खंडणीसारखं वाचून दाखवलं जातं. तक्रार करायची तर करावी, तिचा सौदा करू नये. गूगलवरचं रिव्ह्यूही तोवर थांबवलेलं बरं. लिहायचंच तर जे कागदावर आहे तेवढंच, कारण बदनामीची उलट नोटीस यायला वेळ लागत नाही.

पत्राला उत्तर दोन प्रकारे येतं. पहिला प्रकार, फोन: ‘या, फुकट पुन्हा करून देतो.’ विश्वास शिल्लक असेल तर हा पर्याय वाईट नाही. पण पुन्हा उपचार त्यांनीच केला की पुरावाही त्यांच्याच हातात जातो, म्हणून आधी सगळे एक्स-रे आपल्याकडे हवेत आणि काय करून देणार ते लेखी हवं. दुसरा प्रकार, वकिलाची नोटीस: ‘सर्व आरोप खोटे, बनावट व पैसे उकळण्याच्या हेतूने केलेले असून…’ पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो. तसं लिहिण्याचा तो ठरलेला साचा असतो. बऱ्याच डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो आणि विमा कंपनीला न विचारता चूक कबूल करता येत नाही. गप्प बसण्यामागे प्रत्येक वेळी उर्मटपणाच असतो असं नाही.

आमच्याकडे वकिलाचं उत्तर आलं, बाविसाव्या दिवशी. दरम्यान ठरल्याप्रमाणे दुसरीकडे उपचार सुरू केले होते. त्या डॉक्टरांना आधीच विनंती केली होती: टोपी काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो, प्रत्येक टप्प्याचा एक्स-रे, काढलेली टोपी आणि निघालाच तर तो तुकडा बाटलीत घालून, वर तारीख टाकून द्या. टोपी कापूनच काढावी लागते बहुतेकदा, तरी तिचे तुकडेही ठेवावेत.

यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती फुकट आहे आणि तक्रार क्रमांक मिळतो. मोठ्या साखळी-दवाखान्यांच्या बाबतीत कधी कधी इथेच काम होतं. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याने उत्तर दिलंच नाही तर हेल्पलाइन सक्ती करू शकत नाही. आमची तक्रार उत्तराविना बंद झाली. तरी तो क्रमांक पुढच्या अर्जात लिहिला.

कुठल्या दाराने काय मिळतं याचा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. पोलीस ठाणं पैसे परत मिळवून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. महाराष्ट्र राज्य दंत परिषद डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी करते, समज देऊ शकते, नोंदणीवर कारवाई करू शकते, पण पैसे परत करायचा आदेश तिच्या कक्षेत नाही. नोंदणीच खोटी निघाली तर मात्र परिषद हेच पहिलं दार. रक्कम हवी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. परिषद आणि आयोग दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. आम्ही फक्त आयोगाकडे गेलो, कारण शिक्षा नको होती, पैसे हवे होते. हे स्वतःशी आधी ठरवून टाकलं की मसुदाही आपोआप नीट होतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्यात करता येते. दवाखान्याच्याच गावी जायला नको. उपचारासाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे जवळजवळ सगळ्या दाढा या शून्यातच बसतात. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. ‘आम्हाला तुकडा नंतर कळला’ असं म्हणून मुदत पुढे ढकलता येईल या भरवशावर राहू नये. उपचाराच्या तारखेपासूनच मोजावी आणि त्याआधी दाखल करावी.

अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर भरला. अर्जाचा गाभा म्हणजे तारखांचा तक्ता: तारीख, काय झालं, कागद कुठल्या पानावर. त्याखाली तक्रार, मागणी, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलं. आयोगात पुराव्याचे नियम तितके कडक नसतात, पण हरकतीला जागा कशाला ठेवायची? आमच्या अर्जात छाननीत तीन त्रुटी निघाल्या: पानांना सलग क्रमांक नाहीत, सीबीसीटीचा अहवाल अस्पष्ट, आणि सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) एकच दाखवलेला. तिसरी महत्त्वाची. रूट कॅनाल करणारे डॉक्टर बरेचदा बाहेरून येणारे तज्ज्ञ असतात आणि पावती दवाखान्याच्या मालकाची असते. दोघांनाही सामनेवाले करायचं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्रुटी दूर करून छापील संच नेऊन द्यायला आणखी दोन आठवडे गेले.

मागणीत एक चूक बहुतेक जण करतात: आधीचे पूर्ण पैसेही परत हवेत आणि नव्या उपचाराचा पूर्ण खर्चही. मग समोरचा विचारतो, ‘म्हणजे दाढ फुकटात हवी का?’ उत्तर तयार हवं. आम्ही आधीच्या रूट कॅनाल-टोपीची रक्कम, नव्या उपचारात तुकडा काढण्यासाठी लागलेला जादा खर्च, स्कॅनचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारखर्च अशा वेगवेगळ्या ओळी केल्या. प्रत्येक ओळीसमोर पावतीचं पान.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे २१ दिवसांत ठरावं असं कायदा म्हणतो. निकालासाठी साधारण तीन महिने. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे गृहीत धरून मन शांत ठेवलेलं बरं. एक मुदत मात्र पक्की आहे: नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांनी ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, फार तर आणखी १५. पंचेचाळीस दिवसांनंतर आयोगालाही ती वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय. म्हणून नोटीस कधी पोचली याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवावा. प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी काय झालं याची आयोगाची नोंद, पोर्टलवर पाहावा. पुढची तारीख तोंडी ऐकून घरी येऊ नये.

तज्ज्ञाचं मत लागतंच का, हा प्रश्न येतोच. प्रत्येक प्रकरणात ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. पण कॅनाल आणि मुळांच्या बाबतीत कागदाशिवाय बोलणं पोकळ वाटतं. आमच्याकडे दंत महाविद्यालयाचा केस पेपर होता. तो वाचून समोरच्या वकिलांनी दुसऱ्याच तारखेला मध्यस्थीची तयारी दाखवली. कायद्यात तशी सोय आहे, दोन्ही पक्षांनी लेखी संमती द्यायची.

मध्यस्थीत दोन बैठका झाल्या. मानसिक त्रासाची रक्कम सोडली, बाकीची बहुतेक मान्य झाली. मसुद्यात त्यांना ‘चूक मान्य नाही’ हे वाक्य हवं होतं आणि पुढे जाहीर वाच्यता नको होती. दोन्ही दिलं. आपण सांभाळायचं ते एवढंच: रक्कम, ती कुठल्या खात्यात, कुठल्या तारखेपर्यंत, आणि चुकली तर व्याज किती, हे तडजोडीत आकड्यांत असावं. तक्रार मागे घेण्याची पुरसीस (आयोगाला द्यायचं लेखी निवेदन) पैसे खात्यात दिसल्यावरच द्यावी. चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही, वटला पाहिजे.

एक शेपूट उरलं. उपचाराचे पैसे दवाखान्यानेच लावून दिलेल्या हप्त्यांच्या कर्जातून गेले होते. वाद चालू असताना हप्ते थांबवायचा मोह झाला होता, पण कर्ज वित्त कंपनीचं, दवाखान्याचं नव्हे. थांबवले असते तर क्रेडिट स्कोअर आपलाच घसरला असता. परत आलेल्या रकमेतून उरलेलं कर्ज फेडलं, बंद झाल्याचा दाखला मागून घेतला आणि दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढून पाहिला. कर्ज अजून चालूच दिसत होतं. दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज केलाय.